डबड्यात काही नाही

ऑफिसातले जुने कॉम्प्युटर टेम्पोत घालून नेले त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पित्त झालंय. खरं म्हणजे त्या टेम्पोत माझी अब्रूच चढवून नेली असं मला वाटत होतं. आज कोणी विचारलं तर म्हणेन, तेव्हा काहीच गेलं नव्हतं. जायचं ते नंतर गेलं, घरच्या पलंगावर पाय लांब करून बसलेलो असताना.

देऊळगाव राजाला आमचं ऑफिस आहे, बियाण्याच्या कंपनीचं. आजूबाजूच्या गावांत शेडनेटच्या जाळीखाली मिरची, काकडी, टोमॅटोचं बियाणं तयार होतं. एका जातीच्या फुलातला नर काढून टाकायचा, दुसऱ्या जातीचा पराग हाताने लावायचा, फळ पिकलं की बी काढायचं. शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बायका हे काम करतात. आमच्याकडे बी येतं ते पिशव्यांत भरून, आणि प्रत्येक पिशवीला एक लॉट नंबर असतो. तो नंबर म्हणजे त्या बियाण्याचं नाव, गाव, घर सगळं. पुढे कंपनी त्यातलं थोडं बी पेरून पाहते. जात शुद्ध निघाली तर माल पास, नाही तर नापास. आता हा नंबरच कोणी चुकीचा भरला, तर एकाच्या सोन्यासारख्या मालावर दुसऱ्याच्या खराब मालाचा शिक्का बसतो, आणि आम्हाला त्या गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

त्या ऑफिसचा मी इनचार्ज होतो. पण गावात माझी ओळख त्याहून मोठी होती. गावात कॉम्प्युटर नवेनवे होते तेव्हापासून मी त्यांच्यातला. कोणाचं मशीन सुरू होईना की मला बोलावणं यायचं. मी जायचो, झाकण उघडायचो, धूळ फुंकायचो, आतली रॅमची पट्टी काढून तिची टोकं शाळेच्या खोडरबराने घासायचो आणि परत बसवायचो. निम्मी मशिनं तेवढ्यावर चालू व्हायची. लोक म्हणायचे, सरच्या हाताले गुण हाय. मला ते मनापासून पटायचं.

ऑफिसात माणसं मोजकीच. पिशव्या शिवणाऱ्या दोनचार बायका. एक फिल्ड सुपरवायझर, दिवसभर मोटरसायकलवर शेडनेट पालथी घालणारा, तोंडाने फटकळ आणि नकला करण्यात पटाईत. आणि एक ऑपरेटर. तिचं माहेर डोणगावचं, म्हणून सगळे तिला डोणगाववाली म्हणायचे. लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा ती माउस हातात धरायला घाबरायची. तिला मी शिकवलं. हे वाक्य मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो, तेही ती समोर बसलेली असताना. "हिले माउस धराले मी शिकवलं." ती जराशी हसायची आणि काम करत राहायची.

माझी निवृत्ती जवळ आली होती आणि माझ्यानंतर खुर्चीवर कोण, हा विषय पुण्याच्या मुख्य ऑफिसात चालू होता. तिथे दोन मतं होती. एक म्हणजे बाहेरून कोणी पाठवावा, दुसरं म्हणजे ऑफिसातल्याच माणसाला द्यावं. ऑफिसातलं माणूस म्हणजे डोणगाववाली. सुपरवायझरला खुर्चीत बसवलं तर तो पहिल्याच दिवशी पळून गेला असता. तिला ती जागा हवी होती. तसं ती कधी बोलली नाही, पण एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, इनचार्जले पुण्याले जावं लागते का नेहमी?" मी म्हटलं, कधीमधी. मग काही दिवसांनी फायली लावता लावता म्हणाली, "सासूबाईले विचारून ठेवलं सर. हाव म्हनल्या."

मी म्हटलं, "काळजी काऊन करतं? मी बसलो ना. माह्या शब्दाबाहेर नाहीत ते लोक." तिचं नशीब माझ्या शिफारशीच्या खिशात आहे, असा माझा तोरा होता.

तर ते नवे कॉम्प्युटर. पुण्याहून एक मुलगा आला आणि त्याने प्रत्येक टेबलावर एक स्क्रीन ठेवली. स्क्रीनच्या पाठीला एक काळी डबी चिकटवली, जेवणाच्या डब्याच्या एका कप्प्याएवढी. मी विचारलं, कॉम्प्युटर कुठाय? तो म्हणाला, कॉम्प्युटर इथे नाही, सर. तो तिकडे दूर मोठ्या खोलीत आहे, तुमचं सगळं काम तिथे चालतं, इथे फक्त दिसतं. तुम्ही ह्या टेबलावर बसा, दुसऱ्या टेबलावर बसा, नाही तर बुलढाण्याला जाऊन बसा, आपलं नाव टाकलं की जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू.

तो गेल्यावर मी स्क्रू काढून डबी उघडली. आत एक हिरवी पट्टी आणि बाकी हवा. पंखा नाही, डिस्क नाही, खोडरबराने घासावं असं काहीच नाही. मी ती सगळ्यांना दाखवली. म्हटलं, "पाहून घ्या. डबड्यात काही नाही." त्या दिवसापासून त्याचं नाव डबडं पडलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही ऑफिसातल्या यंत्रांची पूजा करतो, वजनकाट्यापासून पिशव्या शिवायच्या मशीनपर्यंत. त्या वर्षी मी डबड्याला हळदकुंकू लावत होतो, तर डोणगाववाली म्हणाली, "सर, आत काहीच नाही म्हंता, मंग कुंकू कोनाले?" सगळे हसले. मी हसलो नाही.

त्या पुण्याच्या मुलाने संध्याकाळी घरी जाताना नीट साइन आउट करा असं बजावलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, काही गरज नाही. वीज गेली तर जायला इथे आहे काय? स्क्रीनचं बटण दाबा आणि घरी जा. माझ्याच शब्दावर चालणारं ऑफिस. सगळे स्क्रीनचं बटण दाबून घरी जाऊ लागले. डबडी मागे रात्रभर चालू राहायची, आणि आमची कामं तिकडे दूर कुठेतरी उघडीच पडलेली असायची.

आता माझ्या डोळ्यांविषयी. नव्या स्क्रीनवरची अक्षरं बारीक होती. निदान मी तसं म्हणायचो. आठ आणि सहा मला जुळ्या भावांसारखे दिसायचे, तीन त्यांच्यात मध्येच येऊन बसायचा. अक्षरं मोठी करता येत असणारच. पण विचारणार कोणाला? सगळं गाव ज्याला विचारतं त्याने डोणगाववालीला विचारायचं? मी डबड्याला शिव्या द्यायचो. कंपनीने हलका माल घेतला म्हणायचो. कागद वाचायचा असला की तो नाकाजवळ न्यायचो आणि वर म्हणायचो, आजकाल शाईच फिकी येते. एकदा डोणगाववाली म्हणाली, "सर, चिखलीले डोयाचे डॉक्टर येतात, माह्या सासऱ्याचं तिथंच ऑपरेशन झालं." मी इतक्या जोरात टेबलावर हात आपटला की चहा सांडला. "तुह्या सासऱ्याचं वय काय, माह्यं काय?" तिने फडकं आणून चहा पुसला. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

मग मी पडलो. स्टँडकडून येताना स्कूटर गतिरोधकावरून उडाली आणि पायाचं हाड मोडलं. दवाखान्यात जो भेटेल त्याला मी नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडून दाखवत होतो, की गतिरोधकावर पांढरे पट्टे मारायची यांना अक्कल नाही. बायको दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने डबा घेऊन आली. म्हणाली, पट्टे आहेत. मी म्हणालो, रात्रीतून मारले असतील. तिने डबा उघडला.

पाय प्लास्टरमध्ये, म्हणून सुपरवायझर माझं डबडं आणि स्क्रीन घरी घेऊन आला, पलंगाजवळच्या टेबलावर मांडून दिलं. मी माझं नाव टाकलं आणि थक्क झालो. पडलो त्या दिवशी एक ओळ अर्धी भरून सोडली होती. ती तशीच समोर, पुढे कर्सरची काठी लुकलुकत होती. मी गतिरोधकावर पडलो होतो आणि माझं काम मात्र उभंच होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला डबड्याचं कौतुक वाटलं. डोणगाववाली रोज फोनवर पिशव्यांचे नंबर वाचायची, मी ते कागदावर मोठ्या अक्षरात टिपून घ्यायचो आणि मग सावकाश भरायचो. ऑफिसचं माझ्यावाचून अडतंय, ही भावना फार गोड होती.

नंतर पुण्याच्या मॅडमनी मीटिंग लावली. त्या आमच्या सगळ्या ऑफिसांच्या मुख्य. त्या पुण्याहून, मी घरून, आणि बाकीचे ऑफिसात माझ्या टेबलाभोवती, तिथे मीटिंगसाठी आणून ठेवलेल्या दुसऱ्या स्क्रीनच्या कॅमेऱ्यासमोर. मला मॅडमनी सुरुवातीलाच आवाज बंद ठेवायला सांगितलं, कारण आमच्या स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देत होता. बोलायचं असलं की तेवढा चालू करायचा.

मॅडम म्हणाल्या, मिरचीच्या दोन लॉटचे नंबर एकमेकांच्या जागी पडलेत. एका शेतकऱ्याचा चांगला माल नापास म्हणून बाजूला काढला होता, बरं झालं परत तपासला. हे कसं झालं?

मी आवाज चालू करेपर्यंत डोणगाववालीचा आवाज आला. ती कॅमेऱ्यासमोर नेहमी पुस्तकातली भाषा बोलायची. "मॅडम, चूक माझी आहे. सरांना नंबर मी फोनवर सांगते. मीच चुकीचे वाचले."

आणि मी काय केलं? मी तिच्यावर ओरडलो. पुण्याच्या मॅडमसमोर, सुपरवायझरसमोर, पिशव्या शिवणाऱ्या बायकांसमोर. म्हणालो, किती वेळा सांगितलं, नंबर दोनदा वाचत जा म्हणून? तुझ्या भरवशावर मी इथे डोळे फोडून काम करतो. अशी कामं केली तर मी तुझी शिफारस कोणत्या तोंडाने करू? "डोळे फोडून" हा शब्द मी खरंच वापरला. ती म्हणाली, "हो सर. चुकलं सर." मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, मी नोंद करून ठेवते, आणि निघून गेल्या.

कुकरची शिट्टी झाली तसा मी माझा आवाज बंद केला आणि मीटिंगमधून बाहेर पडायचं ते लाल बटण शोधायला लागलो. ते कोपऱ्यात कुठेतरी असतं. मला सापडेना. तिकडे ऑफिसात त्यांनी मी शिकवलं होतं तसं स्क्रीनचं बटण दाबलं. त्यांच्या लेखी मीटिंग संपली. पण डबडं चालूच होतं, कॅमेरा चालूच होता, आणि मला माझं टेबल आणि त्याच्याभोवतीची माणसं धुक्यातून दिसावीत तशी दिसत राहिली.

पहिला आवाज सुपरवायझरचा. "काऊन घेतलं ताई तुमी अंगावर? तुमी बरोबर वाचले होते. मी इथंच उभा होतो, पिशवी माह्या हातात होती."

"मले माहीत हाय."

"मंग?"

"मंग काय? सर हाय तिकडं घरी. त्यायची स्क्रीन घरी. हितं असती त संध्याकाई पाहून घेतलं असतं मी."

"रोजच्यासारखं," सुपरवायझर म्हणाला.

"हाव, रोजच्यासारखं."

मला अर्थ लागायला वेळ लागला. मग लागला. मी स्क्रीनचं बटण दाबून घरी जायचो. माझं काम तिकडे उघडंच राहायचं. माझ्यामागे ती माझ्या खुर्चीत बसायची, बटण दाबायची, मी दिवसभर भरलेले नंबर पिशव्यांशी ताडून पाहायची, आठाचे सहा आणि सहाचे आठ जागच्या जागी नेऊन ठेवायची, आणि बटण दाबून घरी जायची. सकाळी मी येऊन माझं बिनचूक काम पाहायचो.

सुपरवायझर म्हणाला, "सांगून काऊन नाही टाकत एकदाचं? दिसत नाही माणसाले."

"सांगून पाह्यलं. चहा सांडला."

मग सुपरवायझरने टेबलावरचा एक कागद उचलला आणि नाकाला लावला. मान मागे, भुवया वर, कागद पुढे मागे, पुढे मागे. "आजकाल शाईच फिकी येते," माझ्याच आवाजात. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, कागदावरचं काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता, पण ती नक्कल मला लख्ख दिसली. सगळे हसले. बायका हसल्या. तीही हसली. हसणं मला ओळखू येत होतं.

हसणं ओसरल्यावर सुपरवायझर म्हणाला, "पन आज ते बोलले ते बरं नाही केलं. आता ते खुर्ची तुमाले भेटत नाही ताई. मॅडमनं लिहून घेतलं."

मग ती म्हणाली, "नाही त नाही. त्यायनं मले हाताले धरून शिकवलं भाऊ. शेवटच्या वर्साले कोन त्यायची इज्जत काहाडंन?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला तर पलंगावरून उतरताही येत नव्हतं. तोंडावर पांघरूण घ्यावं तर समोर ते टेबल, ती माणसं. बंद करायचं बटण सापडत नव्हतं. मी वर पाहिलं तर बायको दारात उभी, हातात ताट. तिने सगळं ऐकलं होतं. ती आली आणि स्क्रीनकडे वाकून म्हणाली, "हे लाल काय?" आणि दाबलं. टेबल गेलं.

मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"तुमी स्टँडवर एसटीची पाटी लोकाले विचारता," ती म्हणाली. "लोकं सांगतात मले."

मी तिला कागद दिला आणि म्हटलं, वाच. तिने माझ्या हाताने टिपलेले नंबर वाचले, मग स्क्रीनवरचे वाचले. कागदावर बरोबर होते. स्क्रीनवर दोन लॉट एकमेकांच्या जागी होते. काकड्या चिरताना बोलावं तशा सरळ आवाजात तिने हे सांगितलं आणि वर म्हणाली, जेवून घ्या.

मी जेवलो नाही. लाजेने माणूस बारीक होतो म्हणतात, माझं उलट झालं. मला एकदम फार मोठं व्हावंसं वाटायला लागलं. आता मी असं काही करणार की तिच्यावरचा डाग धुऊन निघेल आणि ती म्हणेल, सर ते सर. तिला फोन करून विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही. इतकी वर्षं तिच्यासाठी काय चांगलं हे मीच ठरवत आलो होतो.

मी पुण्याला मॅडमना फोन लावला. सांगितलं, चूक माझी आहे. मला दिसत नाही. हे वाक्य तोंडातून काढणं जड गेलं, पण काढलं. मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, सर, इतकी वर्षं तुम्ही काम करताय, डोळ्यांचं काय, कोणालाही होतं, ऑपरेशन करून घ्या. मला हलकं वाटलं. त्या हलकेपणात माझी जीभ सैल सुटली.

त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांनी नंबर बरोबर वाचले होते?"

"एकदम बरोबर."

"मग चुकीचे वाचले असं का म्हणाल्या?"

"मला वाचवायला," मी म्हणालो. आणि थांबलो नाही. तिचं कौतुक करायची हीच वेळ असं समजून मी सगळं सांगितलं. ती रोज मागे थांबायची. माझ्या जागेवर बसायची. माझ्या नावाने भरलेले नंबर माझ्याच नावाखाली दुरुस्त करायची. कधी कोणाला कळू दिलं नाही. असं माणूस तुम्हाला कुठे मिळणार नाही, मॅडम.

मग मॅडम म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं झालं, सर."

त्या रात्री मला छान झोप लागली. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज मला त्या झोपेची वाटते.

प्लास्टर निघायच्या आतच पत्र आलं. इनचार्ज म्हणून बाहेरचा माणूस येणार. मी चिडून मॅडमना फोन केला. त्या शांतपणे बोलल्या. चूक त्यांची असती तर काही नव्हतं, सर, चूक शिकवून सुधारता येते. पण ज्या माणसाने दुसऱ्याच्या नावाखाली नोंदी बदलल्या आणि विचारल्यावर खोटं सांगितलं, त्याच्या हातात आख्खं ऑफिस कसं देणार? हेतू चांगला होता हे मला कळतं. पण उद्या दुसऱ्या कोणासाठी त्या असंच करतील. म्हणून हे आम्हाला आधी समजलं ते बरंच झालं, असं त्या म्हणाल्या.

चूक तिच्या नावावर राहिली असती तर खुर्चीची आशा थोडी तरी शिल्लक होती. मी खरं बोलून तिला खोटी ठरवली. आणि तिला विचारलंही नाही.

चिखलीला जाऊन मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, त्याच डॉक्टरांकडे. पट्टी निघाल्यावर काठी टेकत ऑफिसात गेलो, निवृत्तीच्या आधीचे राहिलेले दिवस भरायला. माझ्या खुर्चीवर नवा माणूस बसला होता, पोरसवदा, बोलायला नम्र. मला कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं. स्क्रीनवर आठ आठासारखा दिसत होता, सहा सहासारखा.

डोणगाववाली आपल्या जागेवर होती. तिने वर पाहिलं, आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. केसांत समोरच पांढरी बट होती. माझ्या डोक्यात अजून माउस धरायला घाबरणारी ती नवी सूनच होती.

मी विचारलं, "चष्मा कधी लागला?"

"लई दिवस झाले सर," ती म्हणाली. "तुमचा पाय कसा हाय?"

संध्याकाळी सगळे गेले. ती पर्स आवरत होती. नवा माणूस रोज नीट साइन आउट करायला लावायचा, त्यामुळे स्क्रीन एकेक करून काळ्या झाल्या होत्या. मी उठून तिच्या टेबलाजवळ गेलो. भाषण तयार केलं होतं, ते सगळं विसरलो. म्हणालो, "मी तुले न इचारता फोन केला पुण्याले. माह्यामुळं गेलं तुह्यं."

"मॅडमनं सांगितलं मले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिने विचारलं, "पन सर, तुमाले समजलं कसं? आमी त कोनी सांगितलं नोतं."

मी सांगितलं. स्क्रीनचं बटण, मागचं डबडं, न सापडलेलं लाल बटण. मी घरी पलंगावर बसून सगळं ऐकलं.

तिचा हात पर्सवर तसाच राहिला. ती त्या दिवशी काय काय बोलणं झालं ते आठवत असावी. तिचा चेहरा लाल होत गेला, आणि मला वाटलं आता खुर्चीचं निघेल, सासूबाईंचं निघेल, मी तिच्यावर ओरडलो त्याचं निघेल. मी मान खाली घालून उभा राहिलो.

"सगळं ऐकलं?" ती म्हणाली. "भाऊनं कागद धरून केलं, ते बी?"

"ते बी."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मले हसू आलं होतं सर तवा," ती म्हणाली. "माफ करा मले."